खिशातली गोळी आणि पाच मिनिटे

खडकी हे दारूगोळ्याचे गाव. इथला कारखाना १८६९ चा. स्फोटक म्हणून प्रसिद्ध असलेले नायट्रोग्लिसरीन अत्यल्प मात्रेत छातीच्या कळेवर गुणकारी ठरते, हे ब्रिटिश डॉक्टर विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये दाखवून दिले. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट त्याच घराण्यातली.

मागे बाजारात एका गृहस्थांच्या छातीत कळ आली. शेजारच्याने आपल्या खिशातली गोळी दिली. त्यांनी ती उभ्यानेच घेतली आणि चक्कर येऊन ते कोसळले. मदत मनापासून होती, पण माझ्या मते ती चुकीची होती.

या गोळीने रक्तवाहिन्या सैलावतात, तसा रक्तदाबही उतरतो. म्हणून गोळी डॉक्टरांनी ज्याला लिहून दिली त्यानेच घ्यावी, तीही खाली बसून. ती गिळू नये, जिभेखाली विरघळू द्यावी. डोके दुखले तर घाबरू नये. सिल्डेनाफिलसारखे औषध घेत असाल तर संकोच न करता डॉक्टरांना आधीच सांगा; दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो.

वाचकहो, गोळी म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यावरचा इलाज नव्हे. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही किंवा वाढली, तर ‘गॅसेस असतील’ म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा. ज्यांच्याकडे गोळीच नाही, त्यांनी तर ती शोधण्यात एक क्षणही घालवू नये.