सरकारी मालकी म्हणजे लोकसत्ता नव्हे

जर्मनीच्या आयफेल या डोंगराळ भागातील न्युर्बुर्गरिंग हा मोटारशर्यतींचा मार्ग २०१४ मध्ये खासगी मालकांना विकण्यात आला. सरकारने धंद्यात पडू नये, पडले की दिवाळे निघते, असे म्हणणाऱ्यांना त्यामुळे एक आयते उदाहरण मिळाले. त्यांना उत्तर देताना समाजवाद्यांनी सारे खापर भांडवलदारांच्या माथी फोडणे सोपे आहे. मात्र ते खरे नाही. ज्या सरकारच्या कारकीर्दीत हे दिवाळे निघाले, त्याचे नेतृत्व सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे होते. म्हणूनच या रस्त्याचा इतिहास समाजवादी कार्यकर्त्याने डोळसपणे वाचला पाहिजे.

हा रस्ता श्रीमंतांच्या हौसेतून जन्मलेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर आयफेलमधील शेतकरी व मजूर दारिद्र्याने गांजलेले होते. जमीन निकृष्ट, उद्योगधंदा नाही, हाताला काम नाही. आडेनाउ जिल्ह्याचे प्रशासक ऑटो क्रॉइट्स यांनी बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून शर्यतीचा कायमचा मार्ग बांधण्याचा आग्रह धरला. सप्टेंबर १९२५ मध्ये कोनशिला बसली आणि हजारो मजुरांच्या श्रमातून जून १९२७ मध्ये मार्ग खुला झाला. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, हे खरे. पण तो पैसा उपाशी घरांत मजुरी म्हणून पोचला आणि त्यातून टिकाऊ सामाजिक संपत्ती उभी राहिली. शर्यत नसेल त्या दिवशी पथकर भरून सामान्य माणसालाही आपले वाहन या मार्गावर नेता येई. ही प्रथा आजही चालू आहे.

डोंगर सपाट करून हा रस्ता काढलेला नाही. डोंगराचे चढउतार जसेच्या तसे स्वीकारून तो बांधलेला आहे. मूळ लांबी २८ किलोमीटरांहून अधिक, आणि सर्वांत खालच्या व वरच्या टोकांत सुमारे ३०० मीटरांचा फरक. एका वळणावर ऊन, तर दुसऱ्यावर पाऊस. फ्लुगप्लाट्सच्या उंचवट्यावर गाडीची चाके जमीन सोडतात, तर कारुसेलच्या वळणावर ती काँक्रीटच्या कलत्या पन्हळीतून फिरते. दाट झाडीतल्या या मार्गाला जॅकी स्टुअर्ट या चालकाने ‘हिरवा नरक’ म्हटले, ते उगाच नव्हे.

या मार्गाची मालकी २०१४ पर्यंत सरकारी यंत्रणांच्या हातीच राहिली. प्रश्न असा की, निर्णय कोणाचे होते? १९३३ नंतर नाझी राजवटीने मर्सिडीझ व ऑटो युनियन या कंपन्यांना सरकारी पैसा देऊन शर्यतींना वंशश्रेष्ठत्वाच्या जाहिरातीचे रूप दिले. १९३५ मध्ये तात्सिओ नुवोलारी या बेचाळीस वर्षांच्या इटालियन चालकाने जुन्या अल्फा रोमिओ गाडीतून त्याच मार्गावर साऱ्या जर्मन गाड्यांना हरवले आणि त्या प्रचाराची पुरती शोभा झाली. बेकारांच्या हातांनी बांधलेला रस्ता अवघ्या काही वर्षांत हुकूमशाहीचे व्यासपीठ झाला होता आणि सरकारी मालकीने ते रोखले नाही.

युद्धोत्तर काळात याच मार्गावर एकामागून एक चालक मेले. सुरक्षिततेची मागणी करणाऱ्या स्टुअर्टची भित्रा म्हणून हेटाळणी झाली. अखेर १९७० मध्ये चालकांनी संघटितपणे येथे शर्यतीत उतरण्याचे नाकारले. जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइमला न्यावी लागली आणि त्यानंतरच मार्गात सुधारणा झाल्या. मागण्यांच्या अर्जांनी जे साधले नाही, ते कामबंदीने साधले. १९७६ मध्ये निकी लाउडाने शर्यत न खेळण्याचा आग्रह धरला. सहकाऱ्यांनी तो मानला नाही, आणि १ ऑगस्ट रोजी जळत्या गाडीतून त्याला बाहेर ओढण्याची वेळ त्याच सहकाऱ्यांवर आली. एकजुटीचे मोल आणि ती तुटल्याचे मोल, दोन्ही या रस्त्याने दाखवले. जुन्या डोंगरी मार्गावर पुन्हा फॉर्म्युला वन शर्यत झाली नाही. १९८४ मध्ये शेजारी नवा, आखूड मार्ग बांधण्यात आला.

आणि मग आला ‘न्युर्बुर्गरिंग २००९’ हा प्रकल्प. ऱ्हाइनलँड-पॅलेटिनेट राज्य सरकारने हॉटेले, करमणूक केंद्र आणि जगातील सर्वांत वेगवान म्हणून गाजवलेला झोकगाडीचा खेळ यांवर सुमारे ३३ कोटी युरो ओतले. खासगी गुंतवणूकदार येणार होते. ते आलेच नाहीत. २००९ मध्ये अर्थमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, पुढे न्यायालयाने त्यांना विश्वासघाताबद्दल दोषी ठरवले. २०१२ मध्ये सरकारी कंपनीने दिवाळे जाहीर केले. ती झोकगाडी २०१३ मध्ये चार दिवस चालली आणि कायमची थांबली. ७.७ कोटी युरोंना मार्ग विकला गेला आणि त्याच वर्षी त्याचा मोठा हिस्सा एका रशियन औषध-उद्योगपतीच्या हाती पडला. विक्री खुली व नि:पक्षपाती होती काय, याविषयीच्या शंकांची नीट तपासणी न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने २०२१ मध्ये युरोपीय आयोगाचा संबंधित निर्णय रद्द केला.

तेव्हा दिवाळे सार्वजनिक मालकीचे निघाले, ही शुद्ध मखलाशी आहे. १९२५ चा सार्वजनिक पैसा मजुरीत गेला आणि रस्ता उरला. २००९ चा सार्वजनिक पैसा सट्ट्यात गेला आणि रस्ताही गेला. पहिल्या वेळी सरकारपुढे माणसाची गरज होती, दुसऱ्या वेळी भांडवलदाराची नक्कल होती. मंत्री जेव्हा कंपनीच्या संचालकासारखा विचार करू लागतो, तेव्हा खासगीकरण कागदावर येण्यापूर्वीच मनात होऊन गेलेले असते.

समाजवादी पक्षांनी यातून घ्यावयाचा धडा कडू आहे. केवळ मालकीहक्काच्या नोंदीवर सरकारचे नाव चढवल्याने समाजवाद येत नाही. जे राबतात, जे जीव धोक्यात घालतात, ज्यांची गावे त्या रस्त्यालगत आहेत, त्यांचा हिशेबावर आणि निर्णयावर हक्क नसेल, तर सार्वजनिक संपत्ती ही सत्ताधाऱ्यांकडे ठेवलेली गहाणवट ठरते. आणि गहाणवट कधीतरी लिलावात निघतेच, मग सत्तेवर पक्ष कोणताही असो.