वाचक कुठून आणायचे?

परवा कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खात होतो. बाजूला उभा एक पोरगा म्हणाला, "सर, मी तुमच्या पोस्ट वाचतो. मले बी पेज काढाचं हाय. फॉलोअर कसे वाढवाचे?"

मला हसू आलं. माझ्या डिप्लोमात हा धडाच नव्हता. बातमीचा इंट्रो शिकवला, मथळा शिकवला, पानं लावायला शिकवलं. वाचक मात्र एजंट गठ्ठ्यासोबत आणून देतो, असंच आम्ही समजत होतो. आज मोबाईलवर लिहिणाऱ्याला एजंट नाही. रिक्षावाल्यासारखं चौकात उभं राहून सवारी शोधावी लागते.

पण हे दुखणं नवीन नाही. याच नागपुरात 'देशसेवक'चे संपादक होते अच्युत बळवंत कोल्हटकर. राजद्रोहात तुरुंगात गेले. पुढे 1915 साली मुंबईत 'संदेश' काढला अन् मराठी पेपरची भाषा घरात आणली. चटकदार मथळे, गप्पा मारल्यासारखी वाक्यं, आणि 'वत्सलावहिनींची पत्रे'. वहिनी घरच्या ओट्यावर बसून बोलावं तशा दुनियेवर बोलायच्या, लिहायचे स्वतः अच्युतराव. सनसनाटी करतात, अशी टीका झालीच. मला ती अर्धी पटते. पण ज्यांना अग्रलेख जड जायचा त्यांच्यासाठीही पेपर असतो, हे त्यांनी दाखवलं.

दुसरं उदाहरण तर आपल्या डोळ्यासमोरचं. 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनीच नंतर लिहून ठेवलंय. आज धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. पुस्तकांच्या स्टॉलसमोर पाय ठेवायला जागा नसते. रात्रभर रेल्वेत उभं राहून आलेला माणूस खिशातल्या पैशात परतीचं तिकीट बाजूला ठेवतो अन् उरलेल्यात पुस्तक घेतो. मराठी माणूस वाचत नाही असं ज्याला वाटते, त्यानं एकदा तिथं येऊन उभं राहावं. त्या वाचकाच्या कामाचं आपण लिहितो का, हा प्रश्न आपल्याला झोंबतो. म्हणून आपण म्हणतो, लोकं वाचत नाहीत.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण त्या पोराला सांगितली, तर तुम्हालाही सांगतो.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस, अंबाझरी ओसंडलेला, नाग नदी लोकांच्या घरात. डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात. मी जागा होतो, कुठला रस्ता बंद ते टाकत होतो. लोक धडाधड शेअर करत होते. आकडा वाढला की माणसाला चढतेच ना! त्या नशेत एका ग्रुपवर आलेलं "धरणाची भिंत फुटली" हे मी जसंच्या तसं टाकलं. वीसेक मिनिटांनी कळलं, खोटं आहे. गुपचूप डिलीट केलं. कोणी पाहिलं नसेल, असं स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी फोन आला. रिटायर्ड मास्तर. "भाऊ, तुमचं वाचून आम्ही आईला अंधारात जिन्यावरून गच्चीवर नेलं. पडली ती. हात मोडला." मी गप्प. ते पुढे म्हणाले, "चूक होते, ते समजू शकतो. पण तुम्ही चुकलो असं का नाही लिहिलं? आम्ही चार तास गच्चीवर भिजत होतो."

त्या रात्री माफी लिहिली. तिला अफवेच्या दहाव्या हिश्श्याचेही लाईक नाहीत. काहींनी शिव्या घातल्या, काही सोडून गेले. पण पुढच्या महिन्यापासून एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. लोक मला फोटो पाठवू लागले, तारीख, वेळ अन् गल्लीच्या नावासकट. "भाऊ, आधी पाहून घ्या, मग टाका." मास्तरही पाठवतात. माझ्या शुद्धलेखनाच्या चुकाही काढतात.

माझं मत विचाराल तर, पेजवरचा आकडा आणि वाचक यांची गल्लत करू नये. आकडा पैसे भरून, भांडण लावून, खुनाच्या रील टाकून वाढतो. मीही कधीमधी वाढवलाय, साधू नाही मी. पण जो फोन करून जाब विचारतो तो वाचक, आणि त्याला उत्तर द्यायला रोजचा अर्धा तास जातो. त्याचे पैसे कोणी देत नाही. घरी बायको विचारतेच, "यातून मिळते काय?" तिच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून नीट उत्तर नाही.

पोराच्या डोक्यात क्राईमचं पेज होतं. मी म्हटलं, तुझ्या घरामागचा नाला घे, वर्षभर त्यावरच लिही. तो म्हणाला, "नाल्यावरचं कोण वाचन सर?" म्हटलं, नाल्याकाठी राहणारे वाचतील की बावा.

पटलं की नाही, माहीत नाही. पोह्याचे पैसे मात्र त्यानंच दिले. येत्या रविवारी सकाळी 7 वाजता अंबाझरीपासून नाग नदीच्या काठानं चालत जायचं ठरलंय, तोही येतो म्हणाला. त्या रात्री ज्यांच्या गल्लीत पाणी शिरलं होतं त्यांनी गल्लीचं नाव अन् पाणी कुठवर आलं होतं ते कळवा. तिथं थांबू.