वळूची सूज आणि आपली लाज

वृषणांची सूज हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कांहीं वाचकांस वाटेल. आमच्या मतें त्याची चर्चा गोठ्यापासूनच सुरू व्हावयास हवी.

आमच्या गांवीं सर्वांच्या गाईंसाठीं एकच वळू होता. त्याचें एक अंड सुजून दुप्पट झालें. हात लावूं देईना. जाणत्यांनीं आंबेहळदीचा लेप दिला, आणि ठणका कमी होतांच वळू पुन्हां गाईंवर सोडला. पुढें सहा-सात महिन्यांच्या गाभण तीन गाई गाभडल्या. नोकरींत असतां आम्हीं वर्षानुवर्षें पीकपाहणी लिहिली, पण गाभडलेल्या गाईचा रकाना कोणत्याच नमुन्यांत पाहिला नाहीं!

त्यांपैकीं एका गाईची वार ज्या तरुणानें उघड्या हातांनीं काढली, त्यास पुढें संध्याकाळीं ताप चढूं लागला. रात्रीं घाम, कंबरदुखी, आणि मग अंडकोशास सूज. लाजेनें तो दोन महिने घरांत बोलला नाहीं. अखेर रक्ततपासणींत ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांचा सांसर्गिक गर्भपात, ठरला. वळूच्या तपासणींतहि तोच. सहा आठवडे अखंड औषध घेऊन तरुण बरा झाला. मध्येंच औषध सोडलें तर हा रोग उलटतो.

हरएक सूज याच रोगाची नसते. मार, हत्तीरोग, मोठेपणीं झालेलें गालगुंड, मूत्रमार्गांतील जंतु हींहि कारणें आहेत. मात्र तरुणाच्या अंडांत एकाएकीं असह्य कळ आली, तर आंत पीळ पडलेला असूं शकतो; तेथें सहा तासांच्या आंत उपाय झाला तर अंड वांचण्याची आशा सर्वांत अधिक. सकाळची वाट पाहूं नये.

गोठ्यांतील व्यवस्था कठीण नाहीं. सुजलेला वळू तपासल्यावांचून गाईंस लावूं नये. गाभडलेला गर्भ व वार हातमोजे घालून उचलावी, चुना टाकून खोल पुरावी. कुत्र्यांपुढें टाकूं नये. दूध उकळूनच प्यावें. केंद्र सरकारनें २०१९ सालीं सुरू केलेल्या कार्यक्रमांत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस या रोगाची लस एकदांच टोचावयाची असते. नर वासरांस ती देत नाहींत, कारण तिच्यानेंच वृषणदाह होऊं शकतो.

आमच्या गांवचा वळू आतां पैदाशींतून काढून निराळा बांधला आहे. नव्या वळूचा दाखला पाहिल्यावांचून वर्गणी देणार नाहीं, असें आम्हीं पंचांस कळविलें. दोघे-तिघे रागावले आहेत.