भीड कुणाची पडते?

पालकसभेत ‘मुलगा जरा शाय आहे’ एवढे सांगितले की हल्ली विषय संपतो. पण मराठीने वेगवेगळ्या ठेवलेल्या कितीतरी गोष्टी या एका शब्दाखाली गाडल्या जातात. लाज संस्कृत ‘लज्जे’तून आली. संकोच म्हणजे मुळात आक्रसणे, अंग चोरणे. बुजणे हे बैलाचे, घोड्याचे; अनोळखी काही दिसले की दचकून मागे सरणे. ‘बुजरे पोर’ त्यावरूनच. भिडेची तऱ्हा मात्र निराळी आहे. भीड ‘पडते’, आणि ती नेहमी कुणाची तरी पडते. मास्तरांची भीड पडली, मामांची भीड मोडवेना, असेच आपण बोलतो. समोरच्या माणसाला धरल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. भीड चेपते तीही त्या माणसाशी घसट वाढली की. म्हणून मुलाच्या गप्प राहण्याचे कारण एकट्या त्याच्या स्वभावात शोधणे मला चुकीचे वाटते. त्याच्यापुढे कोण उभे आहे, हेही पाहायला हवे.

रत्नागिरी जिल्ह्यात याचा पुरावा रोज मिळतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो, तरी ‘आमची मुले मुलाखतीत मागे पडतात’ ही तक्रार इथे घरोघर ऐकू येते. घरात, खळ्यात संगमेश्वरी बोलीत तोंडाचा पट्टा चालवणारी मुलगी तोंडी परीक्षेला उभी राहते तेव्हा आधी उत्तर जुळवते, मग ते प्रमाण मराठीत बसवते, आणि वर्ग हसेल का याचा अंदाज घेते. तोवर परीक्षक पुढच्या मुलाकडे वळलेले असतात. मुलगी तीच, उत्तरही तिला येत होते. तिला घरी नसलेली भीड शाळेत पडली, कारण तिथे तिच्या बोलीला किंमत नव्हती. तहसील कचेरीच्या खिडकीशी फेरफाराचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत धरून तिष्ठत राहिलेल्या म्हातारीचेही तेच. वाडीतल्या भांडणात तिला कुणी गप्प करू शकत नाही.

यावर म्हटले जाईल की, जग थांबत नाही, भीड ज्याची त्यानेच मोडली पाहिजे. ‘भीड भिकेची बहीण’ असे पूर्वज उगाच म्हणाले नाहीत. म्हण खरी आहे, आणि स्वतःची भीड मोडणारी माणसे याच जिल्ह्याने दिली आहेत. शेरवलीत जन्मलेले आणि मुरुडला वाढलेले धोंडो केशव कर्वे स्वभावाने लाजाळू होते. तरीही १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढल्यावर हाच माणूस वर्गणीसाठी लोकांच्या दारोदार फिरला. पण कर्व्यांचा दाखला देताना त्यांनी आश्रमात काय केले तेही सांगावे. माजघराबाहेर तोंड उघडायची मुभा नसलेल्या विधवांना त्यांनी ‘धीट व्हा’ एवढेच सांगितले नाही. राहायला जागा दिली, शिक्षण दिले. भीड ज्या परिस्थितीमुळे होती, ती परिस्थिती बदलायला घेतली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भीड म्हणजे आदर, ती गेली तर वडीलधाऱ्यांचा मान जाईल, असे अनेकांना मनापासून वाटते. मान राखावाच. परंतु आपल्याकडे मान आणि दबदबा यांची फार काळ सरमिसळ झाली आहे. जातीने, पैशाने किंवा खुर्चीने मोठा असलेल्यापुढे बोलता न येणे हा संस्कार नव्हे. वडीलधाऱ्यांशी मोकळे बोलूनही त्यांचा मान राहतो, हे आजी-नातवंडांच्या नात्यात सगळेच पाहतात.

वक्तृत्व स्पर्धा, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे जरूर घ्यावीत. मात्र शिक्षकांनी, परीक्षकांनी आणि कचेरीतल्या साहेबांनी पहिले वाक्य स्वतः बोलावे, जमल्यास समोरच्याच्या बोलीत, आणि उत्तराला थोडा वेळ द्यावा. प्रगतिपुस्तकावर ‘शाय’ लिहिण्याआधी एवढे करून पाहा.