रिपीटरची ताकद वॅटमध्ये मोजायची की तासांमध्ये?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली आणि लाखो मुंबईकरांना घरच्यांची खबर कळेनाशी झाली. त्याआधी सातच महिने, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमानचा संपर्क तुटला असताना, योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या भारती प्रसाद यांच्या पथकाने हौशी रेडिओवरून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोहोचवले होते. तेव्हापासून आपत्तीची चर्चा निघाली की 'हॅम रेडिओ'चे नाव हमखास घेतले जाते. ही यंत्रणा ऐन वेळी किती तास तग धरेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अंदमानातून निरोप गेले ते लघुलहरींवरून. या लहरी आयनांबरावर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. शहरात वा घाटात हातातल्या छोट्या संचावरून बोलायचे असेल तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा पट्टा वापरतात. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की संभाषण संपले. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी, साधारणतः ६०० किलोहर्ट्‌झ अंतरावरील दुसऱ्या कंप्रतेवर, तेच अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो.

वर्गणी गोळा करून रिपीटर 'सुधारण्याचा' विषय निघाला की पहिली मागणी असते ती मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरची. २५ वॅटचे ५० वॅट केले म्हणजे काम दुप्पट होईल, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. शक्ती दुप्पट होणे म्हणजे तीन डेसिबलची वाढ. ऐकणाऱ्याला ती जेमतेम जाणवते. शिवाय पुरात अडकलेल्या माणसाच्या हातातील संच पाच वॅटचाच राहतो. त्याचा क्षीण संदेश रिपीटरला ऐकू येत नसेल तर रिपीटरने कितीही मोठ्याने बोलून काय उपयोग? अशा रिपीटरला हॅम मंडळी 'मगर' म्हणतात: तोंड अवाढव्य, कान नाहीतच.

खरी मेख आहे ती 'इम्पीडन्स मॅचिंग'मध्ये, म्हणजे संरोधाचा मेळ घालण्यात. साडेबारा व्होल्टवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरकडून २५ वॅट घ्यायचे असतील तर त्याला सुमारे तीन ओहमचा भार दिसावा लागतो. केबल आणि अँटेना मात्र ५० ओहमच्या. या दोहोंच्या मध्ये बसलेले कॉइल-कपॅसिटरांचे जाळे दुभाष्याचे काम करते. इथे एक जुना गैरसमज डोकावतो: स्रोत आणि भार यांचा संरोध समान असला की सर्वाधिक शक्ती मिळते, मग कार्यक्षमता ५० टक्क्यांपुढे जाणारच कशी? एकोणिसाव्या शतकात विद्युतयंत्रांबाबतही अनेकांची हीच समजूत होती. एडिसनच्या काळातील डायनॅमोंनी ती खोटी ठरवली. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरचा अंतर्गत रोध जुळवायचा नसतो. त्याला पेलेल असा भार द्यायचा असतो. एफएम प्रक्षेपणात माहिती लहरीच्या उंचीत नसल्याने 'क्लास सी' पद्धत वापरता येते आणि निम्म्याहून अधिक कार्यक्षमता साधता येते.

अँटेना बिघडली की हा मेळ मोडतो. स्टँडिंग वेव्ह रेशो २ : १ झाला तर ११ टक्के शक्ती परतते, ३ : १ झाला तर २५ टक्के. ही परतलेली शक्ती सगळीच वाया जाते असे नाही, पण ट्रान्झिस्टरसमोरचा भार बदलतो. प्रवाह वाढतो, उष्णता वाढते किंवा संरक्षक सर्किट शक्तीच उतरवते. डुप्लेक्सरचाही तोल ढळतो आणि रिपीटर स्वतःच्याच प्रक्षेपणाने बहिरा होऊ लागतो.

याचा हिशेब बॅटरीवर मांडला की चित्र स्पष्ट होते. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून निर्धास्तपणे निम्मेच घ्यावेत. २५ वॅटचे प्रक्षेपण ५० टक्के कार्यक्षमतेने झाले तर चार अँपिअर लागतात. सलग बोलणे साडेबारा तास चालते. मेळ बिघडून कार्यक्षमता २५ टक्क्यांवर घसरली असे धरले तर सव्वासहा तासच. घरच्या संचाला दोन वाक्यांनंतर विसावा मिळतो. आपत्तीत रिपीटरला तो मिळत नाही. एकाचे बोलणे संपायच्या आत दुसरा उभा असतो.

त्यातही फसवी गोष्ट म्हणजे केबल. स्वस्त, बारीक आरजी-५८ केबलचे तीस मीटर या कंप्रतेवर जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती गिळतात. परत येणारी लहरही ते तशीच गिळतात. त्यामुळे वर अँटेनेपाशी ३ : १ असा बिघाड असला तरी खाली मीटर १.३ च्या आसपास दाखवतो आणि सारे आलबेल वाटते! अर्ध्या इंची हेलियाक्स केबल तेवढ्याच लांबीत चार पंचमांश शक्ती वर पोहोचवते. म्हणजे केबल बदलल्याने जे साधते, ते अ‍ॅम्प्लिफायर तिप्पट करूनच साधता आले असते, आणि बॅटरीवरचा भारही तिप्पट झाला असता. शिवाय अँटेना ऐकण्यासाठीही तीच असल्याने पाच वॅटचा क्षीण संदेशही तितकाच सुधारतो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने ते कधीच होत नाही.

पण केबल दिसत नाही, तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर तर एका पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरते आणि केबलच्या वेष्टनाखाली तांबे काळे पडते. त्यामुळे मे महिन्यातच वर चढून जोड उघडून पाहणे, ते पुन्हा जलरोधक करणे, मोजमाप केबलच्या खालच्या टोकाऐवजी अँटेनेपाशी घेणे आणि वीज तोडून रिपीटर बॅटरीवर सलग किती तास बोलतो याची नोंद ठेवणे, हे काम नव्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात हॅम क्लबांची नावे घालणाऱ्या जिल्हा यंत्रणांनीही त्यांच्याकडे किती वॅटचे यंत्र आहे हे विचारण्याऐवजी ही नोंद मागायला हवी.