पंधरा लाथा आणि सात रस्ता

परवा ऑफिसात डबे उघडल्यावर विषय निघाला, की माणसाचे रिफ्लेक्स उपजत असतात की कमवावे लागतात? टीममधल्या एका पोराने लगेच मोबाइल पुढे केला. "सर, हे बघा. याला म्हणतात रिफ्लेक्स!"

बघतो तर काय, आपला जुनाच व्हिडिओ. दाइगो उमेहाराच्या पंधरा लाथांचा! मी तो आजवर किती वेळा पाहिलाय याचा हिशेब बायकोला कळू नये, म्हणून इथे देत नाही. पण पोराचं बोलणं काही डोक्यातून जाईना. कारण माझ्या मते त्या व्हिडिओत रिफ्लेक्स सोडून बाकी सगळं आहे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साल २००४. कॅलिफोर्नियातल्या पोमोनामध्ये 'इव्हो' ही फायटिंग गेम्सची मोठी स्पर्धा चाललेली. गेम होता 'स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक'. एका बाजूला जपानचा दाइगो, त्याने केन घेतलेला. दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग, त्याची चुन-ली. लूझर्स फायनल, म्हणजे हरेल तो घरी आणि जिंकेल तो शेवटच्या सामन्याला. दाइगोच्या ताकदीची पट्टी संपत आलेली, नखाएवढी रेघ उरलेली. आणि चुन-लीचा सुपर तयार.

आता जरा मेकॅनिक्स. (कंटाळू नका, सगळी गंमत इथेच आहे.) या गेममध्ये दांडा मागे ओढला की वार अडतो. पण सुपर अडवला तरी प्रत्येक फटक्याला थोडी थोडी ताकद झिजतेच. म्हणजे दाइगोने अडवलं असतं तरी तो मेलाच होता. राहिला एकच उपाय, पॅरी. पॅरीसाठी दांडा मागे नाही, पुढे मारायचा. शत्रूच्या अंगावर! तोही फटका लागायच्या बेतात, सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्शात. दाबून धरलेला चालत नाही, दर फटक्याला नव्याने मारायचा. जमलं तर ताकद अजिबात झिजत नाही. हुकलं तर तुम्ही अडवतही नसता, लाथ सरळ तोंडावर.

गर्दीतून कुणीतरी ओरडतं, "लेट्स गो जस्टिन!" आणि चुन-ली सुटते. पंधरा लाथा. दाइगो पंधराही पॅरी करतो, शेवटची तर हवेत उडी मारून. खाली येता येता उलटा वार, त्याला जोडून स्वतःचा सुपर, आणि खेळ खलास. लोक खुर्च्यांवरून उठून किंचाळतायत. आजही बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

तर सांगायचा मुद्दा असा. सुपर सुटताना स्क्रीन क्षणभर थबकून चमकते, आणि चुन-लीची पहिली लाथ जवळजवळ त्या चमकेबरोबरच येते. चमक बघितली, मेंदूने ठरवलं, मग हात हलला, एवढ्याला वेळच नसतो. गेम सेकंदाला साठ फ्रेम्स पळतो, एक फ्रेम म्हणजे साधारण सतरा मिलिसेकंद. आपण सॉफ्टवेअरवाले लोक, हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हणजे पहिला पॅरी मारताना दाइगो लाथ बघून हललाच नाही. लाथ येणार हे त्याने आधीच धरलेलं होतं.

उरलेल्या चौदा? त्यांचा ताल ठरलेला असतो आणि तो पाठ करता येतो. २०११ मध्ये या गेमची ऑनलाइन आवृत्ती आली, तेव्हा कंपनीने हाच प्रसंग त्यात सरावाचा धडा म्हणून घातला. हजार वेळा बोटं मोडून सामान्य माणसंही तो पार करतात. पण तिथे लाथ येणार हे माहीत असतं. फरक इथेच आहे.

बिचाऱ्या जस्टिनला सगळे हसतात. मला ते पटत नाही. समोरच्याचा जीव नखाएवढा उरलाय आणि हातात सुपर आहे, तर तो मारायचा, हेच त्या क्षणाचं शहाणपण. जस्टिन चुकला म्हणून नाही सापडला, तो बरोबर होता म्हणून सापडला. शहाणा माणूस इथे काय करेल हे दाइगोला नेमकं ठाऊक होतं. समोर एखादा येडा असता तर हा व्हिडिओ झालाच नसता.

हे मला कुठे कळलं म्हणाल, तर सोलापुरात, सात रस्त्याला.

नव्वदच्या दशकात शाळा सुटली की मी घरी सरळ जात नसे. सात रस्त्याजवळच्या एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तीन मशिनं, एक पंखा, आणि त्या पंख्याखाली मालक. एक रुपयाला एक कॉइन. मशीन 'स्ट्रीट फायटर २'चं. खाली, तिरकं, पुढे, आणि बुक्की, की हातातून आग सुटायची. ही आग मला शिताफीने टाकता यायची आणि मी स्वतःला लई भारी समजायचो.

तिथे एक पोरगा यायचा. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, हाताला ग्रीसचा वास, कुठल्याशा गॅरेजात कामाला असावा. तो मला रोज हरवायचा. मी आग टाकली की हा आधीच हवेत! एकदा माझे शेवटचे तीन रुपये गेल्यावर मी रडकुंडीला आलो. म्हणालो, तुला कसं कळतं? तो हसून म्हणाला, "तू भ्यालास की आग टाकतूस बे."

संपलं. माझ्या बोटांकडे तो बघतच नव्हता. त्याने मलाच पाठ केलं होतं.

आमच्याकडे तालमीत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक डावाला तोड असते, आणि ती भर मैदानात सुचत नसते. ती तांबड्या मातीत इतक्यांदा घोटलेली असते, की मैदानात ती फक्त दिसते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. त्याला कुणी 'रिफ्लेक्स' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. आपण त्याला मेहनत म्हणतो. मग कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाचीच मेहनत आपल्याला का दिसत नाही?

आता एक कबुली. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता आमचा डेटाबेस झोपला. मी भ्यालो, आणि भ्यालो की काय करतो हे तुम्हाला आता माहीत आहे. एकामागोमाग एक कमांड टाकत सुटलो. होतं त्यापेक्षा जास्त बिघडवून ठेवलं. टीममधली एक मुलगी लॉगिन झाली, मला नम्रपणे "सर, जरा थांबता का?" म्हणाली, आणि शांतपणे बॅकअपवरून सगळं परत उभं केलं. सोमवारी सगळे म्हणाले, काय प्रसंगावधान!

प्रसंगावधान कसलं? ती दर महिन्याला दोन तास टेस्ट सर्व्हरवर बॅकअप परत चढवून बघायची. कुणी सांगितलेलं नसताना. आणि त्या दोन तासांपुढे टाइमशीटवर "हे कशासाठी?" असं लिहिणारा होतो मीच!

म्हणून मला 'रिफ्लेक्स' या शब्दाचा राग येतो. तो कौतुकाचा वाटतो, पण त्यात समोरच्याची सगळी तयारी आपण पुसून टाकतो. उपजत होतं म्हटलं की मग सरावाला वेळ द्यायला नको, पैसे द्यायला नकोत. व्हिडिओ चाळीस-पन्नास सेकंदांचा असतो. त्यामागची वर्षं कुणी शूट केलेली नसतात.

आणि हो, दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही. शेवटच्या सामन्यात तो केंजी ओबाताकडून हरला. व्हिडिओ दाखवणाऱ्या पोराला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मागच्या दिवाळीत सोलापूरला गेलो होतो. सात रस्त्यावर उतरून तो बोळ शोधला, पण दुकान काही सापडलं नाही. त्या पोराचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं.

असो. टाइमशीटवरच्या त्या दोन तासांना आता मी काही विचारत नाही. उलट अख्ख्या टीमला ते लावून दिलेत. आणि रात्री-अपरात्री ऑफिसचा फोन वाजला की आधी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतो. आग टाकायची सवय अजून गेलेली नाही.