उद्या बघू

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास एका काकूंचा संदेश आला. पंधरा वर्षांचा मधुमेह, उपचार माझ्याकडेच. ‘डॉक्टर, उजव्या पायाच्या अंगठ्याखाली फोड आला आहे. दुखत नाही. दाखवायला येऊ का?’ दवाखान्यात अजून चार रुग्ण बसले होते. मी दोन शब्दांत उत्तर पाठवले : ‘उद्या बघू.’

काकू अकराव्या दिवशी आल्या, त्याही मुलाने धरून आणल्या म्हणून. फोड फुटून खोल जखम झाली होती, अंगठा काळा पडला होता. तातडीने शल्यविशारदांकडे पाठवले. परंतु अंगठा वाचला नाही.

‘दुसऱ्याच दिवशी यायचे कळवले होते ना?’ मी काहीशा रागानेच विचारले. काकूंनी फोन माझ्यापुढे धरला. ‘तुम्ही उद्या बघू म्हणालात. मला वाटले, डॉक्टर वैतागले. उगीच कशाला त्रास द्यायचा?’

वाचकहो, हे दोन शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. ‘उद्या’वर जोर दिला, तर उद्याच पाय तपासू, असा अर्थ होतो. ‘बघू’ लांबवला, की ती आपल्या घरोघरची टाळाटाळ होते. मुलाने सायकल मागितली की वडील म्हणतात ती. मी पहिल्या सुरात लिहिले, काकूंनी दुसऱ्या सुरात वाचले. माझ्यापुरते सांगायचे, तर चूक माझी होती. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात; म्हणून ‘दुखत नाही’ हे दिलासा देणारे लक्षण नसून धोक्याचे असते. ते मला ठाऊक होते, त्यांना नव्हते.

अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात आठवतो. विद्यार्थ्यांनी काही वाक्ये मनापासून, तर काही उपरोधाने एकमेकांना कळवायची. काही आवाजातून, काही केवळ ई-मेलने. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजाच्या बाबतीत तो ७३ टक्के वेळा कळला. ई-मेलमध्ये मात्र जेमतेम ५६ टक्के; म्हणजे नाणे उडवून ठरवले असते, तरी फारसे बिघडले नसते! लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो, आणि तोच वाचणाऱ्यालाही ऐकू येत आहे, असे त्याला वाटते. वाचणारा मात्र आपल्या मनातला आवाज त्या अक्षरांना देतो. आजारी, एकट्या किंवा रात्री झोप न लागलेल्या माणसाच्या मनातला आवाज बहुधा कठोरच असतो, असा माझा अनुभव आहे. परदेशातील मुलाने आईच्या चार ओळींना ‘ओके’ एवढेच उत्तर दिले, म्हणून रक्तदाब वाढलेल्या आया मी पाहिल्या आहेत. मुलगा बिचारा त्या वेळी कामाच्या बैठकीत असतो.

आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो, त्याने घोटाळ्यात भरच पडते. ‘काल’ आणि ‘कळ’ तेथे सारखेच दिसतात. छातीत कळ आली की काल काही झाले, हे कळेपर्यंत मिनिटे निघून जातात, आणि छातीच्या दुखण्यात मिनिटांनाच किंमत असते.

म्हणून माझी विनंती आहे : छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे यांसाठी संदेश टंकत बसू नका; थेट रुग्णालय गाठा. मधुमेही व्यक्तीच्या पायावर फोड वा जखम दिसली, तर दुखत नसली तरी लगेच दाखवा. उत्तर तुटक वाटले, तर मनाशी अर्थ लावण्याऐवजी फोन करा. डॉक्टर रागावले, तरी रागावू द्या. घरातल्या मंडळींनाही हेच लागू आहे; सुनेचे ‘बरं’ तीन दिवस मनात घोळवण्यापेक्षा तीन मिनिटे बोललेले बरे.

मी आता ‘उद्या सकाळी दहाला दवाखान्यात या, पाय तपासायचा आहे’ असे पुरते वाक्य लिहितो. परवा काकूंना तसेच कळवले. उत्तर आले : ‘ठीक.’ एवढेच. नाराज झाल्या की काय, या विचाराने शेवटी मीच फोन केला. काकू वाटाणे सोलत होत्या. एका हाताने एवढेच टंकता आले, म्हणाल्या.